कौल देवाचा आणि कौल मतदाराचा

मराठी वाङ्मयाने भक्ताचे मन जितक्या बारकाईने पाहिले तितके दुसऱ्या कोणाचेच पाहिले नाही. भक्ताचा संशय, त्याची तळमळ, देवाशी त्याचे भांडण, देवावरचा रुसवा आणि शेवटी लाभणारी शांती या साऱ्यांची नोंद आपल्या भाषेत सातशे वर्षांहून अधिक काळ होत आली आहे. मतदार हा त्या मानाने फार नवा मनुष्य. प्रौढ मताधिकाराची पहिली सार्वत्रिक निवडणूक भारतात १९५१-५२ साली झाली. गोमंतकात ती वेळ ९ डिसेंबर १९६३ रोजी आली. परंतु ज्या खेडुताने त्या दिवशी प्रथम मत दिले, तो भक्त म्हणून मात्र फार जुना होता. एकाच मनुष्याच्या ठायी हे दोघे वसत असता आपल्या साहित्याने पहिल्याचे चरित्र लिहिले आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवली, असे आमचे मत आहे. असे का झाले आणि त्यामुळे आपले काय हुकले, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

१

हा विचार हवेत राहू नये म्हणून आम्ही एक गाव डोळ्यांपुढे धरतो. ते गाव म्हणजे डिचोली तालुक्यातील सर्वण. 'कारापूर-सर्वण' या जोडनावाने त्याची ग्रामपंचायत ओळखली जाते. कारापुरात वाळवंटी नदीच्या काठी विठ्ठलापूर आहे आणि तेथल्या विठ्ठलाचा चैत्री उत्सव दूरदूरच्या माणसांना ओढून आणतो. डिचोली आणि पेडणे हे दोन्ही महाल पोर्तुगिजांच्या अमलाखाली आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तिसवाडी, बारदेश, सासष्टी या जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात देवळांचा जो विध्वंस झाला, तो प्रसंग या नव्या काबिजादींवर आला नाही. उलट तिकडचे देव इकडे आश्रयाला आले. दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोली महालातील नार्व्याला आला आणि त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला. तेव्हा या भागात देव, उत्सव, भजन, पोथी यांची परंपरा अखंड राहिली, आणि या परंपरेची भाषा मराठी होती. घरात कोकणी बोलणारा येथला मनुष्य पोथीपुढे, कीर्तनात आणि जत्रेच्या नाटकात मराठीत उभा राहतो, ही गोष्ट आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको.

राजकीय हक्कांच्या बाबतीत मात्र हाच मनुष्य मुका होता. गोव्यातून लिस्बनच्या संसदेवर प्रतिनिधी पाठविण्याची प्रथा १८२२ पासूनची; परंतु तो मताधिकार मूठभरांचा होता. सर्वणचा कूळ, मुंडकार, खाणीवरचा मजूर आणि त्यांच्या घरची स्त्री यांना त्यात स्थान नव्हते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पुरती दोन वर्षे होण्यापूर्वीच या सर्वांच्या बोटाला शाई लागली. शतकानुशतके भक्त असलेला मनुष्य एका दिवसात मतदार झाला. हे स्थित्यंतर त्याच्या मनात कसे घडले असेल? त्याने नव्या अधिकाराकडे कोणत्या जुन्या डोळ्यांनी पाहिले असेल? आणि पुढील साठ वर्षांत त्याची श्रद्धा व त्याचे मत ही दोन्ही कशी पालटत गेली असतील? आमच्या मते या प्रश्नांचे उत्तर शोधण्याची वाट भाषेतूनच जाते. गाऱ्हाणे, कौल आणि मत हे तीन शब्द त्या वाटेवरचे टप्पे आहेत. या तिन्ही शब्दांचे एक पाऊल देवळात आहे आणि दुसरे राजदरबारात.

२

गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. रयतेने सरकारदरबारी मांडावयाची कैफियत. परंतु गोवा आणि दक्षिण कोकण या मुलखात गाऱ्हाणे प्रथम देवापुढे घातले जाते. गावाचा मानकरी देवळात उभा राहून देवाला हाक मारतो, गावाची अडचण सांगतो, रक्षण करण्यास विनवतो, आणि जमलेले लोक 'होय महाराजा' म्हणून त्याला रुकार देतात. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, देवाला येथे 'महाराज' म्हटले जाते. म्हणजे देवाकडे पाहण्याची दृष्टी रयतेची आहे. दुसरी ही की, बोलणारा एक असतो आणि रुकार देणारे अनेक असतात. सामान्य माणसाचे गाऱ्हाणे त्याच्या स्वतःच्या मुखाने नव्हे, तर मानकऱ्याच्या मुखाने देवापर्यंत पोहोचते. बाईमाणसाचे तर ते आणखी एक उंबरठा ओलांडून जावे लागते.

महादेवशास्त्री जोशी यांच्या कथांत या जगाचे सहृदय दर्शन घडते. शास्त्रीबुवा सत्तरीतील आंबेड्याचे. जन्म १९०६ चा. त्यांच्या गोमंतकीय कथांतील माणसे कुळाचार, देऊळ आणि नाती यांच्या चौकटीत सुखदुःख भोगतात, आणि त्या चौकटीची ऊब व तिचा जाच ही दोन्ही शास्त्रीबुवांना ठाऊक आहेत. त्यांच्या या कथांतील गाव बव्हंशी मुक्तीपूर्व काळातला आहे. तेथला मनुष्य गाऱ्हाणे घालू शकतो. मत देऊ शकत नाही. हा लेखकाचा दोष नव्हे, तो काळच तसा होता. आमची तक्रार पुढच्या कथेविषयी आहे. १९६३ नंतर लिहिल्या गेलेल्या आपल्या बऱ्याच ग्रामकथेने शास्त्रीबुवांचा गाव जसाच्या तसा उचलला. देऊळ तेच, नदी तीच, जत्रा तीच. आणि त्यातला मनुष्यही तसाच हात जोडून उभा. त्याच्या हाती मध्यंतरी एक नवी वस्तू आली आहे, याची दखल त्या कथेने घेतली नाही.

वस्तुतः १९६३ नंतर गाऱ्हाण्याला दुसरा पत्ता मिळाला होता. पहिल्या निवडणुकीत तीस जागांच्या विधानसभेत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १४ आणि युनायटेड गोवन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या, आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. १९६४ साली शेतजमिनीच्या कुळांसाठी कायदा झाला, खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, आणि बांदोडकरांच्या निधनानंतर, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असता, १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची 'कसेल त्याची जमीन' ही दुरुस्ती आली. ज्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या जमिनीचे आणि घराचे गाऱ्हाणे देवापुढे घातले होते, त्याला त्याचे उत्तर कायद्याच्या रूपाने मिळू लागले. त्यामुळे 'भाऊसाहेबां'विषयी डिचोली-पेडण्याच्या घराघरांत जी भावना होती, तिला केवळ राजकीय मत म्हणणे अपुरे ठरेल. तीत कृतज्ञता होती, भाविकता होती, आणि आपल्यापैकीच कोणी सिंहासनाजवळ पोहोचल्याचे समाधान होते. पक्षाची निशाणी सिंह. तो देवीचे वाहन म्हणून आधीपासूनच घरच्या तसबिरीत बसलेला. नवे राजकारण जुन्या भक्तीच्या ओसरीवर येऊन टेकले, ते असे.

याला अंधभक्ती म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु शाळेसाठी, घराच्या तुकड्यासाठी आणि मानाने बोलावले जाण्यासाठी दिलेले मत आंधळे म्हणता येत नाही. या मतदाराने देवावरची श्रद्धा माणसावर हलवली असेही आम्हांस वाटत नाही. त्याने एवढेच ओळखले की, काही गाऱ्हाणी देवाकडे न्यावयाची असतात आणि काही आमदाराकडे. ही वाटणी करता येणे हीच त्याच्या मनातील पहिली मोठी क्रांती होती. तिचा आवाज झाला नाही म्हणून ती आपल्या कथाकारांच्या कानी पडली नाही.

३

दुसरा शब्द कौल. त्याचा इतिहास तर विलक्षण आहे. शब्द मूळचा अरबी. अर्थ वचन, शब्द. मराठी राज्यात 'कौल' म्हणजे सरकारने रयतेला दिलेले अभयवचन. ओसाड गाव वसवा, जमीन लागवडीस आणा, अमुक सालापर्यंत इतकाच सारा घेऊ, असा तो कौलनामा असे. येथे देणारा राजा आणि घेणारी रयत.

देवळात हाच शब्द दुसऱ्या अर्थाने रुजला. देवाच्या मूर्तीवर अथवा पाषाणावर ओल्या पाकळ्या लावतात, देवापुढे प्रश्न ठेवतात, आणि कोणत्या बाजूची पाकळी आधी पडते यावरून उजवा कौल की डावा कौल हे ठरते. गोमंतकात यालाच प्रसाद घेणे असेही म्हणतात. लग्न जमवावे का, विहीर खणावी का, वादाचा निकाल कसा लावावा, हे सारे येथे विचारले जाते. या व्यवहारात देणारा देव आणि घेणारा भक्त.

तिसरा अर्थ निवडणुकीने आणला. 'मतदारांचा कौल' हा प्रयोग आता वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून इतका घासून गुळगुळीत झाला आहे की, त्यात काही उलथापालथ झाली आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. येथे देणारा मतदार आहे आणि घेणारे राज्यकर्ते आहेत. शब्द तोच राहिला, पण हात बदलले. जो शतकानुशतके राजाकडून आणि देवाकडून कौल घेत आला, तो स्वतः कौल देऊ लागला. मतदाराच्या श्रद्धेचा सारा इतिहास या एका शब्दाच्या प्रवासात साठवलेला आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

गोमंतकात हा प्रवास ज्या दिवशी ठळकपणे दिसला तो दिवस म्हणजे १६ जानेवारी १९६७. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावे, याविषयीच्या त्या मतदानाला आपण 'जनमत कौल' म्हणतो. विलीनीकरणाची निशाणी फूल होती आणि केंद्रशासित प्रदेशाची दोन पाने. ज्या माणसाला आजवर फुलाच्या पाकळीने उत्तर मिळत आले होते, त्याच्या पुढ्यात सरकारने फूल आणि पाने ठेवली व 'आता उत्तर तू दे' म्हणून सांगितले! निशाण्या योजणाऱ्यांच्या मनात हा अर्थ नसेलही. परंतु एखाद्या कादंबरीकाराला इतिहासाने हाती ठेवलेली अशी प्रतिमा पुन्हा मिळणे कठीण. आमच्या माहितीत ती कोणी उचललेली नाही.

त्या दिवशी विलीनीकरणाच्या विरुद्ध १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. अंतर ३४,०२१ चे. पेडणे, डिचोली या भागांत फुलाचे बळ मोठे होते. तेथल्या पुष्कळांना हा निकाल जिव्हारी लागला. पुढे अवघ्या अडीच महिन्यांत, मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि ज्या पक्षाचा विलीनीकरणाचा आग्रह गोव्याने नाकारला होता त्याच पक्षाला १६ जागा देऊन गोव्याने पुन्हा सत्तेवर बसविले. राजकारणाचे अभ्यासक याची कारणे मतदारसंघांच्या गणितात आणि विरोधकांच्या फुटीत शोधतात, व ती तेथे आहेतही. परंतु कौलाची रीत ज्याला ठाऊक आहे त्याला यात विसंगती दिसणार नाही. देवापुढे एका वेळी एकच प्रश्न ठेवतात. विहिरीच्या प्रश्नाला डावा कौल मिळाला म्हणून लग्नाच्या प्रश्नालाही डावाच मिळेल असे नाही. भूमीचे काय करावे हा एक प्रश्न आणि राज्य कोणी करावे हा दुसरा. गोव्याने दोहोंची उत्तरे वेगवेगळी दिली.

येथे एका वाङ्मयीन वस्तुस्थितीची नोंद करणे अगत्याचे आहे. विलीनीकरणाला विरोध करण्यासाठी मडगावहून निघालेले 'राष्ट्रमत' हे दैनिक मराठी होते. लक्ष्मणराव सरदेसायांसारखा मराठीचा जातिवंत कथाकार त्यातून विलीनीकरणाच्या विरुद्ध लिहीत होता, आणि तेही मराठीतच. पुढे ते कोकणीतही लिहू लागले. म्हणजे मतदाराचे मन वळवावयाचे तर दोन्ही पक्षांना मराठीच्याच दाराने आत जावे लागले. त्या काळचे अग्रलेख, सदरे आणि प्रचारपत्रके हे मराठी गद्याचे एक तेजस्वी प्रकरण आहे. आपल्या वाङ्मयेतिहासांनी त्याला राजकारणाच्या खात्यावर टाकून दिले, हे आम्हांस अन्यायाचे वाटते.

४

तिसरा शब्द मत. जुन्या ग्रंथांत मत म्हणजे दर्शन, पंथ, सिद्धांत. शैव मत, वैष्णव मत, नाथ मत. मत हे गुरूकडून मिळे, परंपरेने येई आणि सहसा जन्मभर टिके. आता मत दर पाच वर्षांनी द्यावयाचे असते, आणि ते बदलता येते. या बदलण्याकडे आपण कसे पाहावे? मराठी भाषेपाशी अशा बदलासाठी दोनच धारदार शब्द आहेत. एक धर्मांतर आणि दुसरा पक्षांतर. पहिल्यात प्रकाश दिसतो, दुसऱ्यात लाच दिसते. दोन्ही एका क्षणात घडणारे. सर्वणच्या मतदाराच्या मनात साठ वर्षांत जे घडले ते या दोहोंपैकी कशातच बसत नाही.

घडले काय ते थोडक्यात पाहू. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १९७२ साली १८ जागा होत्या. १२ ऑगस्ट १९७३ रोजी बांदोडकर गेले. १९८० साली पक्षाच्या जागा ७ वर आल्या. १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला, देवनागरी लिपीतील कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या शासकीय वापराला त्यात मुभा राहिली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य बनले. १९८९ साली चाळीस जागांच्या सभागृहात पक्षाने पुन्हा १८ जागा मिळविल्या. मग १९९४ साली १२, १९९९ साली ४ आणि २०२२ साली २. दरम्यान भारतीय जनता पक्षाने १९९४ साली या पक्षाशी युती करून ४ जागांनिशी गोव्याच्या विधानसभेत प्रवेश केला आणि पुढे तो राज्यातील सत्तारूढ पक्ष बनला.

याच काळात श्रद्धेच्या बाजूलाही हालचाल चालू होती, ती इतकी ठळक नव्हती एवढेच. ग्रामदेवतेचा भक्त शाळेत गेला, नोकरीसाठी गावाबाहेर पडला, त्याच्या हाती छापील ज्ञानेश्वरी आली, पारायणे आणि सत्संग यांचा परिचय झाला, गावाच्या सीमेबाहेरचा गुरू त्याला लाभला. १९८० च्या दशकाअखेर अयोध्येच्या प्रश्नाने देशभर जे वातावरण ढवळले तेही त्याच्यापर्यंत पोहोचले. त्याचा देव गावच्या सीमेचा राखणदार होता, तो हळूहळू देशाच्या मापाचा झाला. त्याचा पक्षही गोव्याच्या मापाचा होता, तो देशाच्या मापाचा झाला. यांपैकी कोणत्या बदलाने कोणता घडवला हे सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही. दोन्ही एकाच घरात, एकाच काळी, शेजारी शेजारी घडले, एवढे मात्र खरे. आणि तरीही ग्रामदेवतेचा कौल घेणे बंद झाले नाही. नवे आले म्हणून जुने विसर्जित करण्याची या मनाची रीत नाही. ते नव्याला जुन्याच्या शेजारी पाट मांडते.

यात संघर्ष नाही असे मात्र कोणी समजू नये. पोर्तुगीज सरकारने १८८६ साली आणि मग १९३३ साली देवस्थानांसाठी नियम केले. त्यांनुसार देवस्थानाचा कारभार महाजनांकडे असतो. महाजनपद वंशपरंपरेने चालते, आणि तेही बहुधा पुरुषांकडे. म्हणजे राज्याच्या कारभारात ज्याचे मत महाजनाच्या मताइतकेच वजनाचे, त्याला आपल्याच देवाच्या कारभारात मत नाही. देवळाचा गाभारा त्याच्यासाठी बंद. मतदानकेंद्रातील पडद्याआडची जागा हाच असा एक गाभारा, जेथे तो आणि त्याच्या घरची स्त्री एकेकटी जाऊ शकतात. एकाच मनुष्याला एका दारी महाराज आणि दुसऱ्या दारी केवळ भाविक म्हणून उभे राहावे लागते. या ताणातून साहित्य निर्माण व्हावयाचे नाही तर कशातून?

पोटाचा प्रश्नही येथेच येऊन मिळतो. डिचोली हा लोहखनिजाच्या खाणींचा तालुका. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले व मार्चमध्ये काम पुन्हा बंद पडले. ट्रकवाला, मजूर, खानावळवाला यांचे गाऱ्हाणे आता ना मराठीचे राहिले ना विलीनीकरणाचे. विचारावयाचा प्रश्न बदलला की कौलही बदलतो.

सर्वांत तीव्र प्रसंग २०२२ सालचा. जानेवारीत एका राष्ट्रीय पक्षाच्या उमेदवारांनी निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही अशी शपथ देवळात, क्रुसापुढे आणि दर्ग्यात घेतली. सप्टेंबरमध्ये निवडून आलेल्या ११ पैकी ८ जणांनी पक्ष सोडला. त्यांतील एका ज्येष्ठ नेत्याने आपण पुन्हा देवाला विचारले आणि देवाने योग्य वाटेल ते करण्यास सांगितले, अशा आशयाचा खुलासा केला. पक्ष कोणता, व्यक्ती कोण, हा या लेखापुरता गौण भाग आहे. येथे दोन कौल एकमेकांसमोर उभे ठाकले. मतदाराने दिलेला कौल मोडण्यासाठी देवाचा कौल साक्षीला बोलावला गेला. ज्याने दोन्ही कौल मनोभावे मानले त्या सर्वणच्या माणसाला त्या दिवशी काय वाटले असेल? देवाने असे सांगितले यावर त्याने विश्वास ठेवला असेल काय? नसेल ठेवला तर त्याचा अविश्वास कोणावर: पुढाऱ्यावर, कौलाच्या रीतीवर, की देवावर? वर्तमानपत्रांनी हसून आणि संतापून हा विषय संपवला. तो खरे पाहता कादंबरीचा विषय होता.

५

मराठी राजकीय कादंबरी याबाबत काय करते ते पाहावे. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' (१९७७) या कादंबऱ्यांनी सत्तेचे अंतरंग मराठीत प्रथमच इतक्या जाणकारीने उघडे केले. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु त्यांची दृष्टी मंत्रालयाकडे लागलेली आहे. जो मत देऊन घरी गेला त्याच्या मनात ती शिरत नाही. आपल्या ग्रामीण विनोदी कथेने निवडणूक पुष्कळ रंगविली, पण तेथे मतदार बहुधा बेरकी तरी असतो किंवा भोळा तरी. बेरक्याला श्रद्धा नाही आणि भोळ्याला विचार नाही, अशी ही वाटणी. दोन्ही असलेला मनुष्य तेथे मावत नाही.

श्रद्धेच्या बाजूने दि. बा. मोकाशी यांचे 'पालखी' (१९६४) हे पुस्तक आठवते. आधुनिक मनाचा लेखक आळंदीहून पंढरीपर्यंत वारकऱ्यांबरोबर चालतो, आपला संशय लपवीत नाही आणि त्यांची श्रद्धा हिणवीत नाही. ही समदृष्टी दुर्मिळ आहे. वारकऱ्याच्या शेजारून मोकाशी जसे चालले, तसे मतदाराच्या शेजारून चालणारे पुस्तक आम्हांस हवे आहे.

आणि असे पुस्तक मराठीत अशक्य नाही याचा पुरावा दलित आत्मकथनांनी दिला आहे. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' पाहावे. महारवाड्यातील देव, अंगात येणे, नवस, पोतराज हे सारे त्या आतून सांगतात, आणि डॉ. आंबेडकरांची हाक आल्यावर हेच देव्हारे कसे हलले, मुलींच्या हाती पाटी कशी आली, तेही आतूनच सांगतात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपुरातील धर्मांतराआधी मने कशी तयार झाली हे तेथे कळते. राजकीय जागृती आणि धार्मिक पालट या एकाच घटनेच्या दोन बाजू कशा असू शकतात, हे त्या पुस्तकाइतके स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी दिसते. हे जमले याचे कारण उघड आहे. तेथे जिचे मन पालटले तिनेच लेखणी धरली.

सर्वणच्या मतदाराची गोष्ट मात्र अधिक अवघड आहे, कारण तीत धर्मांतरासारखा एक दिवस नाही. तीत एक देव्हारा आहे, ज्यावर तसबिरी वाढत गेल्या. एक भिंत आहे, जिच्यावरचे पुढाऱ्यांचे फोटो बदलत गेले. आणि एक कुटुंब आहे, ज्यात आजोबांनी सिंहावर शिक्का मारला, मुलाने हातावर मारला आणि नातवाने कमळाचे बटण दाबले, तरीही तिघे एकाच जत्रेला गेले. असे बदल दाखवावयास प्रसंग पुरत नाहीत, काळ लागतो. म्हणून हे काम कथेचे नाही, कादंबरीचे आहे. तीन पिढ्यांचा पट मांडण्याचा धीर असलेल्या कादंबरीचे.

६

शेवटी आमच्या स्वतःच्या वर्तुळाविषयी दोन शब्द. गोमंतकातील मराठी लेखक, शिक्षक आणि साहित्यसंस्था यांच्यात एक समजूत खोलवर रुजलेली आहे. ती अशी की, मगो पक्षाच्या जागा घटल्या म्हणजे मतदार मराठीला विसरला. सभांतून ही खंत वारंवार व्यक्त होते. ती प्रामाणिक आहे. पण तीत मतदारावर अन्याय आहे, असे आम्हांस नम्रपणे म्हणावयाचे आहे. ज्या माणसाने मत बदलले त्याने पोथी बदललेली नाही. आजही तो मराठीत भजन म्हणतो, मराठीत नाटक करतो, मराठी वर्तमानपत्र वाचतो. मराठी हा त्याच्यापुढचा निवडणुकीचा प्रश्न उरला नाही, याचा अर्थ मराठी त्याच्या मनातून गेली असा नव्हे. कदाचित ती इतकी त्याची झाली की, तिच्यासाठी कौल लावण्याची त्याला गरज वाटेनाशी झाली.

परंतु ही गोष्ट गृहीत धरून स्वस्थ बसण्यासारखी नाही. भाषा ही भजनापुरती उरली आणि जगण्याचे प्रश्न दुसऱ्या भाषांत सोडविले जाऊ लागले, तर पुढच्या पिढीला ती देवघरातील जुन्या समईसारखी वाटू लागेल: पूज्य, पण रोजच्या उजेडासाठी नव्हे. मराठीला मतदाराच्या मनात जागा हवी असेल तर मराठी साहित्याने प्रथम मतदाराला स्वतःमध्ये जागा दिली पाहिजे. त्याचे गाऱ्हाणे, त्याचा कौल आणि त्याचे मत यांच्यातील गुंता त्याच्याच शब्दांत, त्याला न हसता आणि त्याला न चढवता लिहिला पाहिजे. शाळांतून शिकविणाऱ्या आमच्या वाचकांच्या हाती याची सुरुवात आहे. डिचोली-पेडण्याच्या प्रत्येक घरात १९६७ चे फूल आणि दोन पाने पाहिलेला कोणी आजही असेल असे नाही. ती पिढी झपाट्याने सरत चालली आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या आजोबा-आजींना एवढेच विचारून लिहून आणावे: पहिले मत कोणाला दिले, का दिले, पुढे ते कधी बदलले, आणि त्या काळात देवाकडे काय मागत होता? या टिपणांतून लगेच कादंबरी होणार नाही. पण ज्या दिवशी ती लिहिण्यास कोणी बसेल, त्या दिवशी त्याच्यापाशी आमच्याजवळ आज नसलेली सामग्री असेल.